निर्बंध शिथिल होत असताना नव्या व्हेरियंटवर पाळत कशी ठेवली जाते : बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील बऱ्याच मराठी घरांचे नातेवाईक पुण्या-मुंबईत, नाशकात, नागपुरात असतात. त्यामुळे कोविडच्या काळात दांडिया बाजारापासून नव्या वसाहतींपर्यंत आपल्या घरांत दोन राज्यांच्या बातम्या एकाच वेळी पोहोचत आणि त्यांचा मेळ बसत नसे. एकीकडे संचारबंदी उठलेली असे, तर दुसरीकडे नव्या व्हेरियंटचा, म्हणजे विषाणूच्या बदललेल्या प्रकाराचा, मथळा झळकत असे. त्या काळात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि रुग्णसंख्या थोडी वाढली की आजही विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे कोविडची असली तरी बहुतेक उत्तरे श्वसनमार्गाच्या पुढच्या कोणत्याही साथीला लागू पडतील.

निर्बंध उठले म्हणजे साथ संपली, असे समजायचे का?

नाही. निर्बंध उठवणे आणि विषाणूवर पाळत ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. रुग्णालयांतील खाटा किती भरल्या आहेत, ऑक्सिजन लागणारे रुग्ण किती आहेत, लसीकरण कुठवर आले आहे, मुलांच्या शाळा आणखी किती काळ बंद ठेवता येतील, हातावर पोट असणाऱ्यांचे किती हाल होत आहेत, हे सगळे पाहून निर्बंध शिथिल केले जातात, आणि ते तसेच व्हायला हवे. विषाणू मात्र यांपैकी कशाचाही विचार न करता बदलत राहतो.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे कोविडविषयक आदेश भारतात ३१ मार्च २०२२ रोजी संपले. जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी मागे घेतली ती ५ मे २०२३ रोजी. मधल्या काळात ओमिक्रॉनचा बीए.२ मागे पडून त्याचे नवे उपप्रकार आले, त्यानंतर एक्सबीबी आला, आणि मार्च-एप्रिल २०२३ मध्ये एक्सबीबी.१.१६ पसरत असताना देशातील रुग्णसंख्या पुन्हा वर गेली. रुग्णालयांवर दुसऱ्या लाटेसारखा ताण आला नाही, ही मोठीच समाधानाची गोष्ट होती. पण पसरणारा प्रकार कोणता आहे आणि त्याने आजार अधिक गंभीर होतो की नाही, हे त्या वेळी सांगता आले, कारण चाचणी होऊन पॉझिटिव्ह ठरलेले नमुने कुठे ना कुठे जपून ठेवले जात होते आणि त्यांतील विषाणूची जनुकीय संहिता वाचली जात होती, म्हणजेच त्यांचे क्रमवाचन होत होते.

निर्बंध असताना संसर्ग सावकाश पसरतो आणि तयारीला आपोआप थोडा वेळ मिळतो. निर्बंध गेले की तो वेळ केवळ वेळेवर मिळालेल्या सूचनेतूनच मिळू शकतो. म्हणून निर्बंध सैल करताना पाळतही सैल करणे, आणि बचतीच्या नावाखाली नमुने गोळा करणारे मनुष्यबळच कमी करणे, ही मला त्या काळातील सर्वांत धोकादायक प्रवृत्ती वाटते.

व्हेरियंट म्हणजे नेमके काय? प्रत्येक बदल धोक्याचा असतो का?

कोविडच्या विषाणूची जनुकीय संहिता सुमारे ३०,००० अक्षरांची आहे. विषाणू स्वतःच्या प्रती काढत असताना त्या अक्षरांत चुका होतात, आणि टिकून राहिलेल्या चुका एका वंशावळीत महिन्याला साधारण दोन या गतीने साठत जातात. बहुतेक बदलांनी काहीच फरक पडत नाही. ज्या बदलांमुळे विषाणू अधिक सहज पसरतो, आधीच्या संसर्गाने किंवा लसीने आलेली प्रतिकारशक्ती चुकवतो किंवा आजार अधिक गंभीर करतो, त्यांच्याकडेच लक्ष द्यावे लागते. हे बदल पुष्कळदा विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेरी प्रथिनात, म्हणजे स्पाइकमध्ये सापडतात. ओमिक्रॉनच्या स्पाइकमध्ये असे तीसहून अधिक बदल एकदम दिसले, म्हणूनच दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी कळवल्यानंतर अवघ्या दोन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने तो चिंताजनक प्रकार म्हणून जाहीर केला.

नावांचा गोंधळ होतो, तो समजण्यासारखा आहे. अल्फा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरांची नावे देण्याची पद्धत ३१ मे २०२१ पासून सुरू झाली. मार्च २०२३ पासून ही अक्षरे फक्त चिंताजनक ठरलेल्या प्रकारांसाठी राखून ठेवण्यात आली आहेत. बीए.२, बीएफ.७, जेएन.१ ही वंशावळीची नावे असतात. नावाच्या सुरुवातीला ‘एक्स’ असेल, तर तो प्रकार दोन वंशावळींच्या मिश्रणातून तयार झालेला असतो.

शहरातील एकूण रुग्णसंख्या रोज घटत होती, मग नवा प्रकार वाढत होता असे कसे म्हणता?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून याचे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

एक काल्पनिक शहर घ्या. तेथे या आठवड्यात जुन्या प्रकाराचे १,००० रुग्ण आहेत आणि नव्या प्रकाराचे फक्त १०. जुना प्रकार दर आठवड्याला ३० टक्क्यांनी घटतो आहे, नवा दर आठवड्याला दुप्पट होतो आहे. पुढच्या आठवड्यांतील जुने रुग्ण ७००, ४९०, ३४३ आणि २४० असतील, तर नवे २०, ४०, ८० आणि १६०. दोन्हींची बेरीज १,०१० वरून ७२०, मग ५३०, ४२३ आणि ४०० अशी उतरत जाईल. चार आठवडे वर्तमानपत्रात ‘रुग्णसंख्येत घट’ असेच छापून येईल आणि ते खरेही असेल. त्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे आकडा सर्वांत कमी असताना, शहरातील दहापैकी चार रुग्ण नव्या प्रकाराचे झालेले असतील. पाचव्या आठवड्यात बेरीज ४८८ होईल, सहाव्यात ७५८ च्या आसपास जाईल, आणि मग लोक म्हणतील की लाट अचानक आली.

लाट अचानक आलेली नसते. ती उतरत्या आकड्याखाली झाकलेली असते आणि बेरजेतून ती दिसूच शकत नाही. ती दिसते ती फक्त प्रकारांच्या टक्केवारीत. शिवाय निर्बंध शिथिल करण्याचा निर्णय नेमका याच घटत्या आठवड्यांत घेतला जातो, कारण तेव्हाच तो घेणे शक्य असते.

२०२१ च्या फेब्रुवारीत आपल्याकडे जवळपास हेच घडले. सप्टेंबर २०२० मध्ये देशात दिवसाला ९७,००० च्या घरात गेलेला आकडा फेब्रुवारीच्या मध्यावर ११,००० च्या आसपास आला होता. बडोद्यासह गुजरातमधील सहा महापालिकांच्या निवडणुका २१ फेब्रुवारीला झाल्या आणि त्याआधी सभा, मिरवणुका सगळे काही झाले. त्याच महिन्यात अमरावतीकडे रुग्ण वेगाने वाढत होते. महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल आढळत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्चला जाहीर केले. हे बदल ज्या बी.१.६१७ घराण्यात दिसले, त्याच घराण्यातून डेल्टा आला. मेच्या पहिल्या आठवड्यात देशातील एका दिवसाचा आकडा चार लाखांच्या पुढे गेला. या संकटाला अनेक कारणे होती आणि केवळ क्रमवाचनाने ते टळले असते असा माझा दावा नाही. पण फेब्रुवारीत पुरेसे नमुने वाचले गेले असते, तर ऑक्सिजन आणि खाटांच्या तयारीसाठी काही आठवडे हाती आले असते, आणि त्या काही आठवड्यांची किंमत बडोद्यातील ज्या घरांनी एप्रिल पाहिला त्यांना सांगायला नको.

माझा आरटीपीसीआर अहवाल पॉझिटिव्ह आला, पण त्यात व्हेरियंट का लिहिलेला नव्हता?

कारण ती चाचणी त्यासाठी केलेलीच नसते. आरटीपीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकांचे दोन-तीन ठरावीक तुकडे नमुन्यात आहेत की नाहीत एवढेच पाहिले जाते. प्रकार ओळखण्यासाठी संपूर्ण संहिता वाचावी लागते, त्यासाठी निराळी यंत्रे लागतात, काही दिवस लागतात आणि खर्चही बराच होतो. हे काम प्रत्येक रुग्णासाठी होत नाही आणि त्याची गरजही नसते, कारण सर्वसाधारण रुग्णाचे उपचार प्रकारावर नव्हे तर त्याच्या लक्षणांवर, वयावर आणि सहव्याधींवर ठरतात. क्रमवाचनातून मिळणारी माहिती शहरासाठी आणि राज्यासाठी असते. त्यामुळे आपल्याला प्रकार कळवला नाही म्हणून काही दडवले गेले, असा समज करून घेऊ नये.

बडोद्यातला नमुना पुढे कुठे जातो?

आधी नमुना कसा असतो ते पाहू. नाकातून आणि घशातून घेतलेली काडी एका छोट्या नळीतील द्रवात बुडवून वरचा भाग मोडून टाकतात. त्या द्रवामुळे विषाणूची संहिता प्रवासात शाबूत राहते. नळीवर क्रमांकाची चिठ्ठी, तिच्याभोवती द्रव शोषणारा कागद, मग घट्ट झाकणाचा डबा आणि बाहेर बर्फाची पेटी, अशा तीन आवरणांत ती प्रयोगशाळेत पोहोचते. चाचणीनंतर उरलेला भाग क्रमवाचनासाठी ठेवायचा असेल, तर तो उणे ८० अंशांच्या शीतकपाटात जातो. बर्फ वितळला किंवा चिठ्ठी ओली होऊन क्रमांक पुसला गेला, तर नमुना फुकट जातो. यंत्रे कितीही महागाची असली, तरी पुष्कळसे यश पेटी भरणाऱ्या तंत्रज्ञाच्या काळजीवर अवलंबून असते, आणि या लोकांचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही.

प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना क्रमवाचनास योग्य नसतो. आरटीपीसीआरच्या अहवालात ‘सीटी’ नावाचा आकडा असतो. तो जितका कमी, तितका नमुन्यात विषाणू जास्त. क्रमवाचनासाठी साधारण २५ किंवा त्याहून कमी सीटी असलेले नमुने निवडले जातात.

गुजरातमधील नमुने प्रामुख्याने गांधीनगरच्या गुजरात बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटरमध्ये, म्हणजे जीबीआरसीमध्ये वाचले जातात. ही राज्य शासनाची संस्था असून २०२० च्या एप्रिलपासूनच ती या कामात आहे. देशपातळीवर डिसेंबर २०२० मध्ये ‘इन्साकॉग’ हे प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. सुरुवातीला त्यात दहा प्रयोगशाळा होत्या आणि त्यांत पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन होत्या. वाचलेली माहिती दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे जाते आणि तेथून रोग सर्वेक्षण यंत्रणेमार्फत राज्यांना परत मिळते.

थोडेच नमुने वाचून संपूर्ण राज्याचा अंदाज कसा करता येतो?

नमुने योग्य रीतीने निवडले, तर करता येतो. इन्साकॉगच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक राज्याने पाच प्रयोगशाळा आणि पाच मोठी रुग्णालये निवडायची, आणि त्या प्रत्येकाने दर पंधरा दिवसांनी पंधरा नमुने पाठवायचे, अशी रचना होती. म्हणजे पंधरवड्याला १५० नमुने. एखादा नवा प्रकार त्या वेळच्या रुग्णांपैकी २ टक्क्यांत असेल, तर १५० नमुन्यांत त्याचा निदान एक तरी नमुना सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. तो १ टक्क्यात असेल, तर ती ७८ टक्क्यांवर येते. आणि दीडशेऐवजी पन्नासच नमुने पोहोचले, तर एक टक्क्यातला प्रकार सापडण्याची शक्यता ४० टक्क्यांहूनही कमी होते. एक टक्क्यातला प्रकार ९५ टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर सुमारे ३०० नमुने हवेत.

हे गणित नमुने सरमिसळ असतील तरच लागू पडते. सगळे नमुने एकाच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातून आले, किंवा सगळे परदेशातून आलेल्यांचे असले, तर टक्केवारी फसवी निघते. म्हणून बडोद्याच्या नमुन्यांत सयाजी रुग्णालयातील दाखल रुग्ण हवेत, गोत्री रुग्णालयातले हवेत, तसेच खासगी प्रयोगशाळेत खोकला-तापासाठी आलेले साधे रुग्णही हवेत.

आरटीपीसीआरवरूनच प्रकाराचा सुगावा लागतो, असे ऐकले होते. ते खरे आहे का?

काही प्रकारांपुरते खरे आहे. काही चाचणी-संच विषाणूच्या तीन जनुकांचे तुकडे शोधतात आणि त्यांपैकी एक तुकडा स्पाइकच्या, म्हणजे एस जनुकाचा असतो. अल्फा आणि ओमिक्रॉनचा बीए.१ यांच्यात त्या जागेतील सहा अक्षरे गळालेली असतात. तंत्रज्ञाच्या पडद्यावर अशा वेळी दोन रेषा नेहमीप्रमाणे वळण घेत वर चढतात आणि तिसरी तळाशी सपाट राहते. क्रमवाचनाची वाट न पाहता त्याच दिवशी संशय घेता येतो. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मंजूर केलेला टाटा एमडीचा ओमिशुअर हा संचही ओमिक्रॉन लगेच ओळखण्यासाठीच होता. पण बीए.२ मध्ये ती अक्षरे गळालेली नव्हती आणि जानेवारी २०२२ मध्ये भारतात तोच पसरला. सपाट रेषेवर विसंबणाऱ्यांना तो दिसला नाही. ही युक्ती मदतीला चांगली आहे, क्रमवाचनाची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

एक्सई आणि बीएफ.७ हे दोन्ही प्रकार बडोद्यात सापडले होते. मग काही झाले का नाही?

मार्च २०२२ मध्ये मुंबईहून बडोद्यात आलेल्या एका व्यक्तीच्या नमुन्यात एक्सई आढळल्याची बातमी एप्रिलमध्ये आली. एक्सई हा बीए.१ आणि बीए.२ यांच्या मिश्रणातून झालेला प्रकार ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये प्रथम आढळला होता. पुढे तो कोठेच वरचढ ठरला नाही. बीएफ.७ ची बातमी गाजली ती डिसेंबर २०२२ मध्ये, कारण चीनने तेव्हाच निर्बंध उठवले होते आणि तेथील रुग्णालयांची दृश्ये रोज दिसत होती. बडोद्यातला संबंधित नमुना मात्र सप्टेंबरचा होता. बातमी वाचून शहरात घबराट पसरली, तेव्हा तो प्रकार येथे येऊन तीन महिने झाले होते आणि मधल्या काळात कोणतीही लाट आलेली नव्हती.

यातून वाचकाने बातमीत दोन गोष्टी शोधाव्यात असे मी सुचवेन. पहिली, नमुना कोणत्या तारखेचा आहे. दुसरी, त्या प्रकाराचा वाटा आठवड्यागणिक वाढतो आहे का. एका शहरात एक नमुना सापडणे म्हणजे पाळत काम करते आहे, एवढाच त्याचा अर्थ. धोक्याचा अंदाज वाट्याच्या वाढीवरून येतो, आणि तोही स्थानिक प्रतिकारशक्ती लक्षात घेऊन, कारण एका देशात उसळलेला प्रकार दुसऱ्या देशात विझून जाऊ शकतो.

तरीही सप्टेंबरचा नमुना डिसेंबरमध्ये चर्चेला यावा, ही गोष्ट मला खटकते. स्थानिक यंत्रणेने दर पंधरवड्याला, बातमी असो वा नसो, साध्या भाषेत प्रकारांची टक्केवारी जाहीर केली असती, तर घबराटीला जागाच उरली नसती.

विमानतळावर सर्वांची चाचणी केली, तर नवा प्रकार शहरात येणारच नाही, नाही का?

येणे लांबते, थांबत नाही. २४ डिसेंबर २०२२ पासून परदेशातून आलेल्या प्रवाशांपैकी २ टक्क्यांची यादृच्छिक चाचणी सुरू झाली. तिचा हेतू विषाणू अडवण्याचा नसून कोणता प्रकार येतो आहे हे कळण्याचा होता, आणि त्या हेतूसाठी ती चांगली होती. ओमिक्रॉनचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन दिवस जातात, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवशी संसर्ग झालेला माणूस उतरताना निगेटिव्हच येतो. शिवाय बडोद्याचे बहुतेक परदेशी प्रवासी अहमदाबाद किंवा मुंबईला उतरून रेल्वेने अथवा मोटारीने घरी येतात.

आता चाचणी कोणी करतच नाही, किंवा घरच्या किटवर भागवतात. त्याने काय बिघडते?

रुग्णाचे फारसे बिघडत नाही, पाळतीचे बरेच बिघडते. पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फ किटला आयसीएमआरने मे २०२१ मध्ये मान्यता दिली, तेव्हा निकाल मोबाइल ॲपवर नोंदवणे अपेक्षित होते. पुष्कळांनी ते केले नाही. घरच्या किटचा नमुना कचऱ्यात जातो आणि त्याचे क्रमवाचन कधीच होत नाही. त्यातच १० जानेवारी २०२२ रोजी आयसीएमआरने जाहीर केले की लक्षणे नसलेल्या संपर्कातील व्यक्तींनी, त्या वयाने किंवा सहव्याधींमुळे जोखमीत नसतील तर, चाचणी करण्याची गरज नाही. प्रयोगशाळांवरील ताण पाहता तो निर्णय योग्यच होता, परंतु त्यानंतरचे रुग्णांचे आकडे आधीच्या आकड्यांशी तुलना करण्याजोगे राहिले नाहीत.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे की घरात साठीच्या पुढचे कोणी आजारी असेल, ताप तीन दिवसांहून अधिक टिकला असेल, किंवा आधी कोविड होऊन थोडेच दिवस झालेले असताना पुन्हा लक्षणे दिसत असतील, तर प्रयोगशाळेतील आरटीपीसीआर करावी. असे नमुने वैद्यकीयदृष्ट्या उपयोगी असतात आणि पाळतीसाठी तर मोलाचेच.

सांडपाण्यातून विषाणू कसा कळतो?

बाधित व्यक्तीच्या शौचातून विषाणूचे अंश बाहेर पडतात, कधी लक्षणे दिसण्याआधीच. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याचा नमुना तपासला, तर त्या केंद्राला जोडलेल्या संपूर्ण वस्तीचा अंदाज एका बाटलीत मिळतो. त्यासाठी कोणाला चाचणीला जावे लागत नाही आणि कोणाचे नावही कळत नाही. भारतात सांडपाण्यात या विषाणूचे अंश प्रथम सापडल्याचे दाखवणारा अभ्यास आयआयटी गांधीनगर आणि जीबीआरसी यांनी मे २०२० मध्ये अहमदाबादच्या जुन्या पिराणा केंद्रातील नमुन्यांवर केला होता. पोलिओसाठी तर मुंबईत २००१ पासून असे नमुने घेतले जात आहेत.

बडोद्यात अटलादरा, तरसाली, गाजरावाडी, कपुराई अशी वेगवेगळ्या भागांची केंद्रे आहेत. तेथून आठवड्याला एकेक नमुना नियमित घेतला, तर लोकांनी चाचण्या करणे सोडले तरी शहर आंधळे होणार नाही. मर्यादाही आहेत. पावसाळ्यात पाणी मिसळून प्रमाण पातळ होते, गटाराला न जोडलेल्या वस्त्या सुटतात, आणि रुग्ण किती हे पाण्यावरून नेमके सांगता येत नाही. वाढ की घट आणि साधारण कोणते प्रकार, एवढे सांगता येते. तेवढे पुष्कळ आहे.

निर्बंध पुन्हा आणायचे की नाही, हे कशावरून ठरवावे?

नवा प्रकार सापडला एवढ्यावरून नव्हे. केंद्रीय आरोग्य सचिवांनी २१ डिसेंबर २०२१ रोजी राज्यांना लिहिलेल्या पत्रात दोन उंबरठे दिले होते. आठवडाभरात चाचण्यांपैकी १० टक्के किंवा अधिक पॉझिटिव्ह येणे, अथवा ऑक्सिजनच्या किंवा अतिदक्षता विभागातील खाटा ४० टक्के किंवा अधिक भरणे. यांपैकी एक ओलांडला, तर त्या जिल्ह्यात किंवा भागात स्थानिक निर्बंध विचारात घ्यावेत, असा त्याचा आशय होता. प्रकारांची माहिती मिळाली की हे उंबरठे केव्हा ओलांडले जातील याचा अंदाज आधी बांधता येतो.

रात्रीच्या संचारबंदीबद्दल बडोदेकरांच्या मनात राग होता आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये येथे ती लागू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये इतर शहरांतून उठली, तेव्हाही अहमदाबाद आणि बडोदे ही दोन शहरे आणखी आठवडाभर तिच्याखाली राहिली. दिवसा बाजार भरलेला असताना रात्री बाराला रस्ते बंद करून किती संसर्ग टळला, हे लोकांना कोणी समजावून सांगितले नाही. निर्बंध कोणत्या आकड्यावर लागेल आणि कोणत्या आकड्यावर उठेल, हे आधीच जाहीर झाले, तर लोक तो अधिक मनापासून पाळतात.

गौरी-गणपतीला पुण्याहून आत्या, काका, भावंडे येणार आहेत आणि घरात आजी ऐंशीच्या पुढे आहेत. काय करावे?

सण करावा. ज्याला ताप, घसादुखी किंवा नवा खोकला आहे त्याने मात्र प्रवास टाळावा, आणि हे घरातल्या मोठ्यांनी आधीच फोनवर स्पष्ट सांगावे, म्हणजे कोणाला परतवून लावण्याची वेळ येत नाही. आरतीच्या वेळी बंद खोलीत तीस माणसे मोठ्या आवाजात म्हणत असतात, तेव्हा दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शक्य असेल तर आरती अंगणात किंवा गच्चीवर करावी. आजींना लसीच्या वर्धक मात्रेबद्दल, म्हणजे बूस्टरबद्दल, त्यांच्या डॉक्टरांना विचारावे. कोणी पॉझिटिव्ह आले, तर जानेवारी २०२२ मधील नियमाप्रमाणे सात दिवस वेगळे राहणे आणि शेवटचे सलग तीन दिवस ताप नसणे, एवढे पाळावे. कोणताही प्रकार असला तरी ही काळजी तीच राहते.

नव्या प्रकारावर जुनी लस चालते का?

संसर्ग टाळण्याची तिची क्षमता ओमिक्रॉनपासून बरीच कमी झाली, पण गंभीर आजार आणि मृत्यू यांपासूनचे संरक्षण त्या मानाने चांगले टिकून राहिले.

मुंबईच्या पाहुण्यांची चाचणी बडोद्यात झाली, तर अर्जावर कोणता पत्ता द्यावा?

सध्याचा मुक्काम आणि कायमचा पत्ता, दोन्ही स्पष्ट लिहावेत, आणि आधीच्या चौदा दिवसांत कोठून कोठे प्रवास झाला तेही सांगावे. नमुन्यात नवा प्रकार सापडला, तर तो बडोद्यात पसरतो आहे की बाहेरून आला आहे, हे त्या ओळीवरूनच ठरवले जाते. मोबाइल क्रमांक चालू असलेलाच द्यावा, कारण क्रमवाचनाचा निकाल येईपर्यंत पाहुणे परत गेलेले असतात आणि संपर्कातील व्यक्ती शोधण्यासाठी आरोग्य विभागाचा फोन त्यानंतर येतो.